बर्फ बघायचा, की बर्फावर उभं राहायचं?

रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो आणि जानेवारीत आठ-दहा अंशांवर उतरला की शाळांच्या वेळा बदलतात. थंडी अंगावर घ्यायची हौस असलेली मंडळी सरगुज्यातल्या मैनपाटला जातात. भोसल्यांच्या राजवटीपासून इथे रुजलेल्या मराठी घरांच्या सुट्ट्याही ठरलेल्या: लग्नकार्याला नागपूर, देवाला पुरी नाहीतर अमरकंटक, मुलांनी हट्ट धरला तर गोवा. अशा गावात एका घरात स्कीइंगच्या सुट्टीचा विषय निघाला आणि दोन तट पडले.

एका बाजूला भाऊजी. नव्या रायपुरात राहतात, नगररचनेच्या कामात आहेत, आखलेलं शहर आणि आखलेला प्रवास दोन्हींवर त्यांचा विश्वास. दुसऱ्या बाजूला तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरातल्या त्यांच्या वहिनी. बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात वीस-बावीस वर्षं गेलेली, त्यामुळे समोरच्याने मागितलेल्या रकमेपेक्षा तो ती कशासाठी मागतोय हे त्या आधी विचारतात. जायचं आहे सात जणांनी: दोन्ही जोडपी, वहिनींचा आठवीतला मुलगा, भाऊजींची सहावीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. दोघांचं बोलणं पुढे दिलं आहे.

भाऊजी : वहिनी, पहिल्यांदाच जायचं तर जिथे हे सगळं मुरलेलं आहे तिथेच जावं. आल्प्स. सेंट मॉरिट्झच्या बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने 1864 साली इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली होती, अशी तिथली प्रसिद्ध कथा आहे. हिवाळ्यात येऊन राहा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हललेच नाहीत. तेव्हापासून हिवाळा कसा विकायचा, हे त्या लोकांना कळलंय.

वहिनी : विकायचा कसा हे त्यांना कळलंय, ते दिसतंच आहे. आपण विकत काय घेतोय, ते सांगा.

भाऊजी : सोय. लोकांना वाटतं आल्प्स म्हणजे देखावा. देखावा हिमालयातही आहे, कदाचित जास्तच आहे. पण स्कीइंगला लागतो तो तयार केलेला उतार. रात्री यंत्रं फिरतात, दिवसभरात विस्कटलेला बर्फ दाबून सारखा करतात, सकाळी उतार पुन्हा गुळगुळीत. प्रत्येक वाटेला रंग असतो. निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवी. वर न्यायला पाळणे, खुर्च्या आणि अगदी नवख्यांसाठी जमिनीवरून सरकणारा पट्टा. फ्रान्सने तर 1960 नंतर सरकारी योजना आखून डोंगरात गावंच नव्याने वसवली. आव्होरियाझ 1966 मध्ये सुरू झालं ते मोटारींना बंदी घालूनच. फ्लेनचा आराखडा मार्सेल ब्रॉयरसारख्या वास्तुविशारदाने केला. खोलीतून बाहेर पडायचं, पायात स्की चढवायच्या आणि निघायचं. जे आम्ही नव्या रायपुरात शेतजमिनीवर केलं, ते त्यांनी दोन हजार मीटरवर केलं. आधी रस्ते, वीज, पाणी, माणसं मागाहून.

वहिनी : नव्या रायपुरात ती मागाहून यायची माणसं अजून येतातच आहेत, भाऊजी. पण तुमचा मुद्दा कळला. आता माझा ऐका. झेरमॅटसारख्या ठिकाणी दिवसाचा लिफ्ट-पास 80 फ्रँकच्या घरात, मोसमात त्याहूनही वर. फ्रँक शंभर रुपयांच्या पलीकडे गेलाय. म्हणजे माणशी दिवसाला आठ हजारांहून अधिक, तेही नुसते वर जायचे. स्की आणि बूट भाड्याने, शिक्षकाची फी, जेवण, राहणं वेगळं. हे सगळं घेऊन शेकडो किलोमीटर उतार आपल्या हवाली होणार. त्यातला आपण किती वापरणार? पहिले तीन दिवस शंभर-दीडशे मीटरची एक घसरगुंडी. अख्खा मॉल भाड्याने घेऊन कोपऱ्यातल्या दुकानात रुमाल घ्यायचा, असा हा प्रकार. कर्जाच्या फायलीत असा प्रस्ताव आला तर मी परत पाठवते.

भाऊजी : सगळ्यांनी पूर्ण पास घ्यायलाच हवा असं नाही. नवख्यांच्या उतारापुरता स्वस्त पास बऱ्याच ठिकाणी मिळतो.

वहिनी : मग त्या छोट्या उतारासाठी युरोप कशाला? सोलंगला उतार आहे, गुलमर्गला आहे, औलीला आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे सोलंगला चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग चालतात. राहणं, जेवण, सामान, शिक्षक सगळं एका फीत. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहणाची संस्था आहे. औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं. सैन्याची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल 1948 पासून गुलमर्गला सैनिकांना बर्फावर चालायला शिकवतेय. आपल्या देशात हे शिकवणारं कुणी नाही, असा समज कुठून आला कोण जाणे.

भाऊजी : शिकवणारे आहेत, मान्य. पण शिकवलेलं वापरायला उतार किती? औलीला जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी 2023 पासून बंद पडलाय, जमीन खचली म्हणून. सोलंगला एकाच उतारावर घोडे, स्कूटर, ट्यूब आणि फोटोवाले. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे, जोरदार आहे, नाही म्हणत नाही. पहिला टप्पा 1998 मध्ये झाला, दुसरा 2005 मध्ये. अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,980 मीटरवर नेतो. पण वर पोहोचल्यावर काय? तिथून खाली येणारा बहुतेक उतार न दाबलेला, मोकळा डोंगर. जगभरचे पट्टीचे स्कीअर त्यासाठीच तिथे येतात. आपण तिथून खाली कसे येणार? गोंडोल्यातच बसून.

वहिनी : आपण वर कशाला जायचं? खालच्या मैदानाजवळ शिकायचं. तिथल्याच तंगमर्गचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक घेऊन आली, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलंच पदक. ही मुलं आल्प्समध्ये जन्मली नव्हती.

भाऊजी : आणि दोघांनाही पुढे सरावाला परदेशी जावंच लागलं. पण ते सोडा. माझी खरी भीती वेगळी आहे. सात माणसांची तिकिटं काढून गेलो आणि बर्फच नसला तर? जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग उघडं पडलं होतं, पिवळं गवत दिसत होतं. बर्फ आला तो महिनाअखेरीस. 2025 मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे ढकलल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मिरी हिवाळ्याचा गाभा. तोच कोरडा जायला लागला तर आपण रायपूरहून काय भरवशावर निघायचं? तिथला बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांबरोबर, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांनी. ते आले तर आले.

वहिनी : आणि आल्प्समध्ये ते वारे हुकमी येतात? 2023 मध्ये युरोपातल्या बावीसशेहून अधिक स्की-केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पृथ्वी दोन अंशांनी तापली, तर कृत्रिम बर्फ नसेल तिथे निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा फार मोठा धोका. चार अंशांनी तापली तर 98 टक्क्यांना. इटलीतल्या जवळजवळ नव्वद टक्के उतारांवर आत्ताच यंत्राने बर्फ फवारायची सोय आहे, ऑस्ट्रियात सत्तर टक्क्यांवर, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक. तुमचा भरवसा आभाळाचा नाही, पंपाचा आहे.

भाऊजी : बरोबर. मी पंपाचेच पैसे देतोय! नगररचनेतल्या माणसाला हे पटवायची गरज नाही. पाऊस लहरी असतो म्हणून आपण धरणं बांधतो. गंगरेलचं धरण नसतं तर रायपूरच्या नळाला उन्हाळ्यात पाणी कुठून आलं असतं? यंत्राचा बर्फ म्हणजे फसवणूक नव्हे, आपल्या तारखेची हमी आहे. शिवाय उंची बघून निवडता येतं. दीड हजार मीटरच्या खालचं गाव आजकाल बेभरवशाचं. झेरमॅट 1,620 मीटरवर, पण त्याचे उतार 3,883 मीटरपर्यंत जातात. व्हाल थोरांसचं तर गावच 2,300 मीटरवर. तिथे एप्रिलअखेरही बर्फ असतो. आणि हा एप्रिल महत्त्वाचा आहे, वहिनी. कारण मुलांच्या शाळा.

वहिनी : तेच मी कधीची म्हणणार होते. आपल्या कॅलेंडरशी बर्फाचं जमतच नाही. दिवाळीत मोठी सुट्टी, तेव्हा हिमनदीवरचे उतार सोडले तर कुठेच बर्फ नाही. नाताळात आठवडा मिळतो, तेव्हा काश्मीरमध्ये बर्फाची खात्री नाही आणि आल्प्समध्ये सगळ्यात चढे भाव, कारण अख्खा युरोप सुट्टीवर. जानेवारीच्या मध्यावर भाव उतरतात, पण आपल्याकडे शाळा जोरात. फेब्रुवारीत गुलमर्ग सगळ्यात चांगलं, तेव्हा उजळणी. मार्चमध्ये परीक्षा. युरोपातल्या शाळांना तर फेब्रुवारीत खास हिवाळी सुट्टी असते, त्यांचं सगळं त्या हिशेबाने बसलंय.

भाऊजी : म्हणून परीक्षा झाल्यावर, मार्चअखेर. तेव्हा गुलमर्गच्या खालच्या मैदानात चिखल आणि घोड्यांची लीद. शिकायची जागा तीच, आणि तीच आधी वितळते. उंचावरच्या आल्प्समध्ये तेव्हा ऊन, मोठा दिवस आणि नाताळापेक्षा उतरलेले भाव. या एका मुद्द्यावर तरी माझी फाइल मंजूर करा.

वहिनी : या मुद्द्यावर शेरा लिहिते: विचारार्थ ठेवावी. आता दुसरी गोष्ट. घरात बोलताना सगळे टाळतात, पण टाळून चालणार नाही. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला सव्वीस माणसं मारली. सहा महाराष्ट्रातली होती आणि एक आपल्या रायपूरचे. सुट्टीवर गेलेलं कुटुंब होतं. तेव्हापासून आई काश्मीरचं नाव काढलं की उठून जातात. मी गुलमर्गचं म्हणते तेव्हा मला ते आठवत नाही, असं समजू नका.

भाऊजी : नाही समजत. म्हणूनच मी तो मुद्दा तुमच्यावर वापरला नव्हता.

वहिनी : वापरायला हवा होता. भीती खोटी नाही. पण तंगमर्ग ते गुलमर्गच्या चढावर टायरला साखळ्या बांधून गाडी नेणारा, स्कीइंग शिकवणारा, स्लेज ओढणारा, या सगळ्यांचा वर्षाचा हिशेब त्या तीन महिन्यांवर असतो. आपण कधीच जायचं नाही असं ठरवलं, तर त्यांच्या हिशेबातलं एक खातं आपण बंद करतो. मी तरुण असते आणि एकटी असते तर गेले असते. सात जणांत आई असताना त्यांच्या मनाविरुद्ध नेणार नाही. म्हणून यंदा गुलमर्ग मी स्वतःच बाजूला ठेवते. ते बर्फामुळे नाही, तुमच्या आकड्यांमुळेही नाही. आईंमुळे.

भाऊजी : मग बाकीच्या धोक्यांचंही बोलून घेऊ. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर हिमकडा कोसळला, दोन पोलिश स्कीअर गेले. पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन गेला. 2017 मध्ये गोंडोल्याच्या तारेवर झाड पडून सात जण गेले.

वहिनी : आणि ऑस्ट्रियात काप्रूनला 2000 साली बोगद्यातल्या डोंगरगाडीला आग लागून 155 माणसं गेली. मोटारशर्यतींचा मायकेल शूमाकर फ्रान्समधल्या मेरिबेलला पडला तो डिसेंबर 2013 मध्ये. दोन आखलेल्या उतारांच्या मधल्या पट्ट्यात गेला, खडकावर डोकं आपटलं, आणि तेही हेल्मेट घातलेलं असताना. डोंगर कुठलाही असो, वाट सोडली की तो सारखाच. फरक पडतो तो पडल्यावर.

भाऊजी : तेच म्हणतोय. पडल्यावर तिथे गस्तीचे लोक स्ट्रेचर घेऊन येतात. स्वित्झर्लंडमध्ये रेगा नावाची हवाई बचावसेवा 1952 पासून चालते. हेलिकॉप्टर येतं.

वहिनी : येतं, आणि मागून बिलही येतं. आपण घेतो त्या साध्या प्रवासविम्यात स्कीइंग पुष्कळदा वगळलेलं असतं, ते बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा विमा लागतो म्हणून लोक स्वस्तातला काढतात आणि निर्धास्त होतात. हिवाळी खेळ, शोध, बचाव आणि हेलिकॉप्टर हे शब्द पॉलिसीत छापलेले दिसले पाहिजेत. इटलीत तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा असल्याशिवाय उतारावर जायचंच नाही, असा 2022 पासून कायदा आहे. हेल्मेटही आता तिथे सगळ्यांना सक्तीचं. आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, ते जाण्याआधी मुलांकडून पाठ करून घ्या. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. अरुंद जागी थांबायचं नाही. रायपूरच्या जयस्तंभ चौकात गाडी चालवणाऱ्याला हे मुद्दाम शिकवावं लागतं.

भाऊजी : दादा शिकणार आहे का? त्याचा गुडघा?

वहिनी : यांचा गुडघा म्हणूनच मी चौकशी केली. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त बिघडतो तो गुडघाच. पडताना स्की एकीकडे वळते आणि पाय दुसरीकडे. म्हणून बूट स्कीला ज्या कडीने अडकवतात ती वेळेवर सुटली पाहिजे. दुकानदार वजन, उंची, वय, बुटाचा तळ आणि तुम्ही किती तरबेज आहात हे बघून ती बसवतो. वजन विचारलं की आपल्याकडे पाच किलो कमी सांगायची रीत आहे, आणि तरबेज असल्याचं मात्र वाढवून सांगायची. इथे दोन्ही खोटं अंगाशी येतं. यांनी घसरायचं नाही असं मी ठरवलंय. हे आणि आई पाळण्यातून वर जातील, चहा पितील, खाली येतील. त्यांची सुट्टी आपल्यापेक्षा बरी होईल.

भाऊजी : मग एक मधला मार्ग. नेहमीच्या मराठी सहलीसारखं करू. पॅरिस, मग इंटरलाकेन, मग टिटलिस. फिरत्या पाळण्यातून 3,000 मीटरवर, तिथे शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो, आईंना बर्फ मिळाला. पुढे योंगफ्राऊयोख, आणि त्यात दोन दिवस स्कीइंगचे घुसवू.

वहिनी : अजिबात नाही! भाऊजी, इतका वेळ तुम्ही बरोबर बोलत होता आणि आत्ता घसरलात. बारा दिवसांत दहा गावं ही आपली सहल आहे, त्यात काही वाईट नाही. आईंना ती आवडेलही. पण बर्फ बघणं आणि बर्फावर उभं राहायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. बघायला एक दुपार पुरते. शिकायला एकाच ठिकाणी पाच-सहा दिवस लागतात, कारण पहिला दिवस बूट घालण्यात जातो. तो बूट घोट्याला जखडतो, साधं चालता येत नाही, जिना उतरताना भिंत धरावी लागते. मग आडवं चढायला शिकायचं. मग टोकं जवळ आणि टाचा लांब करून थांबायला शिकायचं. मुलांना शिक्षक त्याला पिझ्झा म्हणतात. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की खुर्चीतून उठवत नाही. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना वाटतं, आपलं हे काम नव्हे. चौथ्या दिवशी केव्हातरी वळता येतं. तुमचा दोन दिवसांचा कार्यक्रम बरोबर दुखण्यावर संपतो. पैसे जातात आणि मुलांच्या मनात 'स्कीइंग म्हणजे पाय दुखणं' एवढंच उरतं.

भाऊजी : तुम्हाला एवढं कसं माहीत?

वहिनी : माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने सोलंगचा चौदा दिवसांचा वर्ग केलाय. रोज जेवणाच्या सुट्टीत तेच ऐकते. ते सांगतात, पहिला आठवडा नुसता पडण्यात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात पडायची लाज जाते. म्हणून माझं म्हणणं, देश नंतर ठरवा. आधी सहा रात्री एका ठिकाणी हे ठरवा. पहिल्या तीन सकाळी शिक्षक. दादा-वहिनी-काका यांनी मुलांना शिकवायचं नाही. मोठा पास तिसऱ्या दिवसानंतर, लागला तर. एक दुपार पूर्ण विश्रांती. कपडे विकत घ्यायचे नाहीत. आतले उबदार कपडे, मोजे आणि हातमोजे आपले, बाकी सगळं भाड्याने. उन्हाचं मलम मात्र भरपूर. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि दर हजार मीटरला ते किरण दहा टक्क्यांनी वाढतात. रायपूरच्या उन्हात न जळलेलं नाक तिथे जळेल.

भाऊजी : अटी मान्य. पण अटी मान्य करूनही उत्तर आल्प्सच येतं. मार्चअखेर, भरवशाचा उतार, एक गाव, आईंना पाळणा. माझी चारही कारणं शाबूत आहेत.

वहिनी : तुमची चारही कारणं आणखी एका ठिकाणी लागू पडतात. अल्माटी.

भाऊजी : कझाकस्तान?

वहिनी : दिल्लीहून थेट विमान. भारतीयांना 2022 पासून चौदा दिवसांपर्यंत व्हिसाच नको. शेंगेनचे माणशी 90 युरो वाचले, त्याची महिनाभर आधीची कागदपत्रं वाचली. शहरातून साधी बस मेडेऊपर्यंत जाते, तिथे 1,700 मीटरवर बर्फावर स्केटिंग करायचं प्रसिद्ध मैदान आहे. तिथून साडेचार किलोमीटरचा गोंडोला थेट शिम्बुलाकच्या स्की-केंद्राला. शिम्बुलाक 2,260 मीटरवर, उतार 3,200 मीटरच्या आसपास चढतात. उंची भरपूर, म्हणून मार्चअखेरही बर्फ. 2011 च्या आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी अल्माटीने ही सगळी सोय वाढवून घेतली. दाबलेला उतार आहे, रंग आहेत, शाळा आहे. आल्प्स नाही, पण तुमची जी मागणी होती ती सोय आहे, आणि ती आपल्या अंथरुणात बसते.

भाऊजी : म्हणजे माझ्याच मापदंडाने मला हरवायचं. पण ऐका, तिथे शिक्षक रशियन बोलणारे जास्त. मुलांना कळेल? आल्प्समधल्या शाळांत जगभरची मुलं येतात, इंग्रजी बोलणारे शिक्षक सहज मिळतात. पहिला शिक्षक चांगला लागला नाही तर तुमचा चौथा दिवस येणारच नाही. शाकाहारी जेवणाचंही बघा. टिटलिसच्या बाजूला भारतीय जेवण हाताशी असतं.

वहिनी : दोन्ही बरोबर. म्हणून इंग्रजी बोलणारा शिक्षक आधी ठरवूनच तिकीट काढायचं. तो मिळाला नाही तर जायचं नाही. जेवणाचं मी बघते, स्वयंपाकघर असलेली सदनिका घेऊ. पिठलं-भात कुठल्याही उंचीवर होतं.

भाऊजी : भात दोन हजार मीटरवर लवकर शिजत नाही, वहिनी. पाणी कमी तापमानाला उकळतं.

वहिनी : कुकर नेते. आता माझी स्वतःची एक गोष्ट. जानेवारीत मी रजा काढून सोलंगचा वर्ग करून येणार आहे. वयाची अट आणि जागा विचारून घेतली आहे. मार्चमध्ये आपल्या सात जणांत पिझ्झा करून थांबता येणारी एक तरी असेल.

भाऊजी : एकट्या? आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही?

वहिनी : सांगितलं असतं तर तुम्ही इतका वेळ आल्प्सची बाजू इतकी चांगली मांडली असती का? तुमचा आल्प्सचा कागद फाडू नका. सहाव्या दिवशी दुपारी, लिफ्ट बंद व्हायच्या वेळी, मुलं 'अजून एक फेरी' म्हणाली तर पुढच्या वर्षी व्हाल थोरांस, माझी सही घ्या. 'हॉटेलात जाऊ' म्हणाली, तर ते पैसे यांच्या गुडघ्याच्या खात्यात.